अमर माता, मर्त्य पुत्र : ॲनिमेशनपटांतील शोकाचे एक रूप

दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या उत्तरेस, पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या खाणींच्या आधाराने नंदिनी नगर ही वसाहत उभी राहिली. नंदिनी हे नाव महाभारताच्या वाचकाला नवे नाही. सुरभीच्या पोटी जन्मलेली, वसिष्ठांच्या आश्रमातील ही धेनू आदिपर्वातील एका दीर्घ दुःखपरंपरेचे मूळ आहे. तिच्या दुधाचा गुण असा सांगितला आहे की, ते प्राशन करणारा मर्त्य मनुष्य दहा हजार वर्षे जगेल आणि त्याचे तारुण्य ढळणार नाही. द्यौ नावाच्या वसूच्या पत्नीला ही गाय हवीशी वाटली. स्वतःसाठी नव्हे, ती देवांगनाच होती. पृथ्वीवर उशीनर राजाची कन्या ही तिची सखी होती, आणि ही मर्त्य सखी म्हातारी होऊ नये, एवढीच तिची इच्छा होती. पत्नीच्या आग्रहाखातर द्यौने भावांच्या साहाय्याने गाय पळविली. वसिष्ठांनी आठही वसूंना मनुष्यजन्माचा शाप दिला. मर्त्याला जरामरणातून सोडवू पाहणारे अमर स्वतःच मर्त्य झाले.

पुढील कथा सर्वश्रुत आहे. वसूंच्या विनंतीवरून गंगा त्यांची माता झाली. सात पुत्र तिने जन्मताच प्रवाहात सोडले. आठव्याच्या वेळी शंतनूने तिचा हात धरला, आणि तो आठवा, म्हणजे द्यौ, भीष्म होऊन जगला. या आख्यानाकडे सहसा भीष्मप्रतिज्ञेची पूर्वपीठिका म्हणून पाहिले जाते. गंगेकडे माता म्हणून पाहण्याची सवय आपल्या अभ्यासकांना फारशी नाही. व्यासांना मात्र तिचा विसर पडलेला नाही. अनुशासनपर्वाच्या अखेरीस, भीष्मांचा देह अग्नीला दिल्यानंतर पांडव उदकदानासाठी नदीतीरी जमतात, तेव्हा गंगा पाण्यातून वर येते आणि सर्वांसमक्ष विलाप करते. परशुरामालाही न हरलेला आपला पुत्र शिखंडीच्या हातून पडला, हे तिचे शल्य आहे. आणि हे ऐकूनही आपले हृदय फुटत कसे नाही, याचे तिला नवल वाटते. कृष्ण तिची समजूत घालतो. भीष्म हा वसू होता, शापामुळे मनुष्य झाला होता, तो स्वस्थानी गेला, इत्यादी. समजूत तर्कशुद्ध आहे. परंतु गंगेचा प्रश्न तर्काचा नाही. मर्त्य माता पुत्रशोकाने मरू शकते. गंगेला ती सोय नाही.

मातृत्व आणि अमरत्व यांच्यातील हा विरोध भारतीय परंपरेने अनेक ठिकाणी ओळखला आहे. वनपर्वात व्यास धृतराष्ट्राला सुरभीचीच कथा सांगतात. शेतकऱ्याच्या आसुडाखाली कोसळणारा दुबळा बैल पाहून ही गोमाता स्वर्गात रडते. तुला सहस्रावधी पुत्र असताना एकासाठी इतका शोक का, असे इंद्र विचारतो. ती उत्तर देते की, सारे पुत्र समान असले तरी दीनावर माया अधिक जडते. देवलोकात अश्रूंना जागा नाही ही इंद्राची कल्पना एका मातेने तेथल्या तेथे मोडून काढली आहे.

मराठी घरांत याहून विलक्षण असा एक प्रकार घडत आला आहे. मुलाच्या वाढदिवशी जो वर्धापनविधी केला जातो, त्यात मार्कंडेयाबरोबर सप्तचिरंजीवांचे पूजन असते. अश्वत्थामा हा त्यांतील पहिल्याच नावाचा मानकरी. द्रौपदीच्या पाच निद्रिस्त पुत्रांना मारणारा आणि उत्तरेच्या गर्भावर अस्त्र टाकणारा हा पुरुष. सौप्तिकपर्वातील त्याचे दीर्घायुष्य हे वरदान नव्हे. तीन सहस्र वर्षे एकाकी, व्याधिग्रस्त भटकण्याचा तो शाप आहे. लोकपरंपरेने त्या मुदतीचे चिरंजीवित्व केले. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या अस्तंबा शिखरावर दिवाळीच्या सुमारास त्याची यात्रा भरते. कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी तो तेल मागत हिंडतो, असे नर्मदेच्या काठी सांगतात. आपल्या बाळासाठी आयुष्य मागताना आई बालघातक्याचे नाव घेते, यातील विसंगती कोणालाही बोचलेली दिसत नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधात द्रौपदीच या अश्वत्थाम्याला सोडून द्या म्हणते. कारण एकच : आपण जशा रडत आहोत, तसे त्याच्या आईला, कृपीला, रडावे लागू नये. पुत्र गमावलेली स्त्री शत्रूच्या मातेला पुत्रशोकापासून वाचविते.

सारांश, मातृशोकाला दोन दिशा आहेत. आई जाते आणि मूल उरते, ही एक. मूल जाते आणि आई उरते, ही दुसरी. अमरत्वाची कल्पना मिसळली की दुसरीला शेवटच राहत नाही. चित्रकाराच्या रेषेतून जन्मणाऱ्या ॲनिमेशनपटाने या दोन दिशांचे काय केले, हा येथील विवेचनाचा विषय आहे. हे माध्यम अद्भुतकथेला फार लवकर लागले आणि बालरंजनाच्या सदरात टाकले गेले. त्यामुळे त्यातील शोकाची गंभीर चर्चा मराठीत क्वचितच झाली.

पहिली दिशा या माध्यमाने प्रारंभीच आपलीशी केली. वॉल्ट डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’ची (१९३७) नायिका आईविना आहे; ‘बांबी’त (१९४२) हरणाच्या पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडते. १९३८ मध्ये डिस्नेची आई घरातील भट्टीच्या वायूने गुदमरून मरण पावली, आणि म्हणून त्याच्या चित्रपटांतून आया नाहीशा होतात, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. ते कालक्रमाला धरून नाही. ‘स्नो व्हाइट’ त्या मृत्यूच्या आदल्या वर्षीचा आहे, आणि बांबीच्या आईचा मृत्यू फेलिक्स साल्टन याच्या १९२३ च्या मूळ कादंबरीतच आहे. लोककथेला पोरके मूल लागते, कारण आई असेतो मुलाला घराबाहेर पडावे लागत नाही. हे कारण कोणाच्या चरित्राहून जुने आहे. ‘बांबी’चे वैशिष्ट्य निराळे आहे. त्यात आईचा मृत्यू पडद्यावर दिसत नाही. बर्फातून दोघे धावतात, बार ऐकू येतो, पाडस आश्रयाला पोचते आणि वळून पाहते तो मागे कोणी नाही. ज्या माध्यमात वाटेल ते रेखाटता येते, त्याने येथे काहीच न रेखाटण्याचा मार्ग पत्करला.

‘बांबी’साठी काम केलेल्या चित्रकारांपैकी क्लेअर वीक्स हा एक. मिशनरी आईबापांच्या पोटी तो भारतातच जन्मला होता. १९५६ मध्ये अमेरिकेच्या तांत्रिक सहकार्य योजनेखाली तो मुंबईला आला आणि फिल्म्स डिव्हिजनच्या नव्या कार्टून विभागातील चित्रकारांना त्याने शिक्षण दिले. जी. के. गोखले, राम मोहन ही या विभागातून पुढे आलेली नावे. मराठी माणसाला हे माध्यम तोवर अगदीच परके होते असे नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्यांना नाचविले होते, आणि १९३४ मध्ये प्रभातने ‘जंबूकाका’ काढला होता. परंतु डिस्नेच्या पद्धतीचे शिस्तबद्ध काम येथूनच सुरू झाले. या विभागाच्या पहिल्या लघुपटाचे नाव ‘द बनियन डिअर’ (१९५७). विषय पुन्हा हरिणांचा आणि पुन्हा मातेचा आहे. केवळ उत्तर निराळे आहे.

कथा निग्रोधमिग जातकातील. काशीच्या राजाच्या उपवनात हरिणांचे दोन कळप आहेत. रोजच्या अंदाधुंद शिकारीत अनेक जखमी होतात, म्हणून पाळीपाळीने एकेकाने वधस्थानी जावे असे ठरते. एके दिवशी पाळी एका गर्भिणी हरिणीवर येते. प्रसूतीपर्यंत आपली पाळी पुढे ढकलावी, एका पाळीत दोन जीव जाऊ नयेत, अशी ती विनवणी करते. तिच्या कळपाचा नायक शाखमृग नकार देतो. दुसऱ्या कळपाचा नायक न्यग्रोधमृग, म्हणजे बोधिसत्त्व, तिच्या जागी स्वतःची मान ठेवतो. त्याला अभय असल्याने राजा चकित होतो, आणि अखेर सर्व प्राण्यांना अभय मिळते. ‘बांबी’त गोळी सुटते, येथे शस्त्र थांबते. तोच शिक्षक, तोच प्राणी, तीच माता, आणि दोन संस्कृतींची दोन उत्तरे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे. जातककथेच्या भोवती जी चौकट आहे ती इतकी सुखान्त नाही.

बुद्धाने ही कथा ज्या प्रसंगाने सांगितली तो प्रसंग एका भिक्षुणीचा आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीची ही कन्या पतीच्या अनुमतीने संघात आली, तेव्हा ती गर्भवती होती आणि तिला ते ठाऊक नव्हते. देवदत्ताने तिला घालवून दिले. बुद्धाने प्रकरण उपालीकडे सोपविले, विशाखेने गर्भ प्रव्रज्येपूर्वीचा असल्याचा निर्वाळा दिला, आणि मुलगा कोसलच्या राजाकडे वाढला. तो कुमार कस्सप. पुढे तोही भिक्षू झाला. धम्मपदाच्या अट्ठकथेत म्हटले आहे की, आई बारा वर्षे त्याच्यासाठी रडत राहिली. एके दिवशी भिक्षाटनात तो दिसताच ती धावत सुटली, पडली, तिच्या स्तनांतून दूध वाहू लागले. आपण मृदू बोललो तर हिचा घात होईल असे जाणून पुत्र कठोर शब्द बोलला. तिचे मन तुटले, आणि त्याच दिवशी ती अर्हत्पदाला पोचली. निर्वाणाला पालीत अमत, म्हणजे अमृत, असेही नाव आहे. या स्त्रीला अमृतपद मिळाले ते पुत्राची आशा सुटल्यावर. लघुपट मृगकथेपुरता राहतो, आणि लघुपटाच्या मर्यादेत ते स्वाभाविक होते. पण मातृत्व आणि अमरत्व यांचा खरा झगडा त्या वगळलेल्या चौकटीत आहे.

मूल जाते आणि आई उरते, ही दुसरी दिशा ॲनिमेशनपटात यायला बराच अवधी लागला. त्यामागे माध्यमाच्या घडणीचेही कारण आहे. अभिनेता वयाने वाढतो. एक चित्रीकरण लांबले तरी त्याच्या चेहऱ्यावर खुणा उमटतात. रेखाटलेले पात्र वाढत नाही. सेकंदाला चोवीस चौकटी भरण्यासाठी अनेक चित्रकारांचे हात लागतात, आणि या सर्व हातांतून एकच चेहरा उतरावा म्हणून पात्राचा नमुना-तक्ता आधी निश्चित केला जातो : डोके किती, डोळे कोठे, उंची किती डोक्यांएवढी. या तक्त्यापासून ढळणे हा दोष मानला जातो. म्हणजे चिरतारुण्य ही या माध्यमातील पात्राची सहजावस्था आहे. म्हातारपण प्रयत्नपूर्वक, नवा तक्ता करून आणावे लागते. २००८ पासून दूरचित्रवाणीवर वावरणारा छोटा भीम अद्याप छोटाच आहे, याचे कोणाला नवल वाटत नाही. जेथे कोणीच म्हातारे होत नाही तेथे अमरत्वाला अर्थ नाही. एकाच चौकटीत एक पात्र बदलत जाते आणि दुसरे तसेच राहते, तेव्हाच ते डोळ्यांना दिसते.

जपानी चित्रपटकारांनी ही शक्यता ओळखली. लेजी मात्सुमोतो याच्या चित्रकथेवरून रिंतारो याने दिग्दर्शित केलेला ‘गॅलॅक्सी एक्स्प्रेस ९९९’ (१९७९) हा त्याचा एक टप्पा. आईची हत्या झालेला मुलगा न मरणारे यांत्रिक शरीर मिळविण्यासाठी आगगाडीने अंतराळात निघतो. त्याची सोबतीण हुबेहूब आईसारखी दिसते. तिचे शरीर त्याच्या आईच्या शरीराचीच प्रतिकृती असल्याचे पुढे उघड होते. प्रवासाच्या शेवटी तो यांत्रिक देह नाकारतो. चित्रपट मोठा आहे, पण त्यातील माता ही अजून मुलाच्या नजरेतील माता आहे. तिचा स्वतःचा शोक त्यात येत नाही.

तो आला मारी ओकाडा हिच्या ‘माकिया’त. मूळ जपानी शीर्षकात निरोपाच्या सकाळचा आणि वचनाच्या फुलाचा उल्लेख आहे. पी. ए. वर्क्स या चित्रशाळेने काढलेला हा चित्रपट २४ फेब्रुवारी २०१८ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. पटकथालेखिका म्हणून नावाजलेल्या ओकाडाचे हे पहिलेच दिग्दर्शन. इओर्फ नावाचे एक कुळ आहे. त्यातील माणसे किशोरवयानंतर दिसण्यात बदलत नाहीत आणि शतकानुशतके जगतात. ती हिबिओल नावाचे वस्त्र विणतात, आणि सरणारे दिवस त्या विणीत उतरतात. (जुन्या लुगड्यांच्या घड्यांतून शिवलेली गोधडी ज्यांनी पांघरली आहे, त्यांना ही कल्पना दूरची वाटणार नाही.) बाहेरच्या माणसावर प्रेम करू नये, केल्यास खरे एकाकीपण वाट्याला येते, अशी वडीलधाऱ्या स्त्रीची ताकीद आहे. मेझार्ते राज्याचे सैन्य या कुळावर तुटून पडते. दीर्घायुष्याचे रक्त राजघराण्यात यावे हा त्यामागचा हेतू. नंदिनीच्या दुधासाठी झालेल्या चोरीची आठवण येथे व्हावी.

वाताहतीत एकटी पडलेली माकिया रानात एका रडणाऱ्या अर्भकापाशी येते. दरोडेखोरांनी मारलेल्या आईने ते घट्ट धरून ठेवले आहे. माकिया त्या मृत हाताची ताठरलेली बोटे एकेक करून सोडविते. संपूर्ण चित्रपटात याहून श्रेष्ठ प्रसंग नाही. एका मातेच्या हातून दुसरीच्या हाती मूल जाते ते असे, बळ लावून. मरणानेही मूठ सैल झालेली नाही. पहिली दिशा येथे संपते आणि दुसरी सुरू होते.

पुढे एरियल नावाचा हा मुलगा वाढतो. आई मात्र पंधरा वर्षांचीच दिसते. आई रडत नाही, हे ऐकून ती न रडण्याचे वचन देते. मिदो या शेतकरी स्त्रीकडून ती मातृत्व शिकते. ते तिला उपजत नाही, ही गोष्ट ओकाडाने मुद्दाम ठळक केली आहे. मुलगा तिच्या खांद्याला लागतो, मग तिच्याहून उंच होतो. गाव सोडावे लागते, शहरात लोक त्यांना भावंडे समजू लागतात. आई हा शब्द त्याच्या तोंडून निघेनासा होतो. तिच्याविषयी आपल्याला नेमके काय वाटते, हे न उमजून तो सैन्यात निघून जातो. येथे चित्रपट एका अवघड जागी पोचतो आणि तेथे तो थोडा घाईने पुढे सरकतो, असे म्हणावे लागते. युद्धाचे धागे इतके आहेत की माता-पुत्रांमधील हा गुंता पुरता उलगडत नाही. त्याची भरपाई मात्र एका समांतर रचनेने होते : बाहेर एरियल लढत असताना माकिया त्याच्या पत्नीचे बाळंतपण करते. तिने स्वतः कधी मूल प्रसवले नाही. नातवंड प्रथम तिच्याच हाती येते.

लेलिया हे तिचे प्रतिरूप आहे. तिला राजपुत्राची भार्या केले जाते, मुलगी होते, पण मुलीत इओर्फांचे एकही लक्षण उतरत नाही. तेव्हा लेलिया निरुपयोगी ठरते आणि मुलीचे दर्शनही तिला मिळत नाही. अखेर मुलगी समोर येते तेव्हा, मला विसर, अशा अर्थाचे काही बोलून ती प्रासादावरून उडी घेते आणि उडत्या प्राण्याच्या पाठीवर निसटते. कुमार कस्सपाच्या कठोर शब्दांशी याचे नाते उघड आहे, फक्त बोलणारा बदलला आहे. माकियाने स्मृती धरून ठेवली, लेलियाने सोडून दिली. चित्रपट दोघींपैकी कोणालाही दोष देत नाही.

शेवटी वृद्ध एरियल खाटेवर पडलेला आहे, लेकी-नातवंडे भोवती आहेत. एक किशोरी दारातून येते. घरातल्यांना ती कोण हे कळत नाही. पिकलेल्या केसांच्या पुत्राशेजारी बसलेली ती तरुण माता त्याच्या मृत्यूनंतर आपले वचन मोडते आणि रडते.

हे चित्र भारतीय प्रेक्षकाला सर्वस्वी अनोळखी नाही. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवरून दाखविलेल्या ‘महाभारत’ मालिकेत किरण जुनेजा यांची गंगा आणि मुकेश खन्ना यांचे भीष्म यांच्या भेटी घरोघर पाहिल्या गेल्या. पांढऱ्या दाढीचा पुत्र आणि काळ्याभोर केसांची आई. त्यात कोणाला विसंगती वाटली नाही, कारण कथा आधीच अंगात मुरलेली होती. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी जी पंडवानी जगाच्या व्यासपीठांवर नेली, तीत तर वेशभूषेचीही गरज पडत नाही. एकच कलावंत, हातात एक तंबोरा. तो क्षणात गदा होतो, क्षणात धनुष्य. वृद्ध आणि तरुण, माता आणि पुत्र एकाच चेहऱ्यावरून सरकत जातात. गाणारीचे स्वतःचे वय वर्षानुवर्षे वाढत असते आणि प्रत्येक प्रयोगात ते कथेत मिसळते. चित्रित पात्राला न मिळणारी अशी ही गोष्ट आहे.

मग भारतीय ॲनिमेशनपटाने चिरंजीवांचे काय केले? व्ही. जी. सामंत दिग्दर्शित ‘हनुमान’ (२००५) या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला, आणि पौराणिक ॲनिमेशनची एक लाट उसळली. तीत चिरंजीव हा पराक्रमी बालक झाला. अमरत्व म्हणजे सामर्थ्य, हा एकच अर्थ उरला. अंजनीच्या बाजूने कथा पाहावी, अश्वत्थाम्याची जखम किंवा कृपीची वाट पाहणे रेखाटावे, असे व्यवसायाला सुचले नाही. कारण या माध्यमाचा गिऱ्हाईक लहान मूल आहे, ही समजूत पक्की आहे. ‘द बनियन डिअर’च्या काळी ती इतकी पक्की नव्हती. त्या लघुपटात मृत्यू प्रत्यक्ष दारात उभा होता, आणि तो मुलांनीही पाहिला.

साधनांचा अभाव हे कारण आता देता येत नाही. अनुशासनपर्वातील त्या प्रसंगाला नमुना-तक्ते दोनच लागतील : एक भीष्मांचा, आठवा पुत्र म्हणून हाती घेतलेल्या अर्भकापासून शरपंजरी पडलेल्या वृद्धापर्यंत पुनःपुन्हा नव्याने करावा लागणारा, आणि दुसरा गंगेचा, पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत एकच.